तुटल्या जागेचं व्होल्टेज

३ ऑगस्ट

ताई,

‘तीर्थरूप’ लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच ताई. फोन तू उचलत नाहीस. शेवटी तुझ्या ऑफिसच्या नंबरवर केला, तर तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की मॅडम मीटिंगमध्ये आहेत. ती मीटिंग अजून संपली नसावी. पत्राचं एक बरं असतं, ते टेबलावर पडून राहतं. त्याला कोणी मीटिंग सांगत नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं टळलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलताना निम्मे शब्द तोंडातच राहतात. झालं ते दुकानातच. तू गेलीस तेव्हा होतं तसंच आहे सगळं, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ते दिव्यांच्या माळेला सोल्डरिंग करत होते. हातातून गन पडली, ती उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी समोर बसून बल्ब तपासत होते. मला वाटलं, काहीतरी शोधतायत. टेबलाला जळल्याचा डाग पडलाय, आणि तो किती वेळ पडत होता हे मला कळतं, म्हणून मी त्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवलंय.

डॉक्टर म्हणतात, सुधारतील, पण हळूहळू. मी आहेच. मला काही लागत नाही, गैरसमज नको. दुकान चालू आहे. मागणी पूर्वीसारखी नाही, आता सगळ्यांना चिनी माळा हव्या असतात. चालायचंच.

एवढंच विचारायचं होतं की तू येणार आहेस का. येणार असशील तर ये. नसशील तर तसं लिही. ‘मी येणार नाही’, बस, तीन शब्द. ते माझ्यासाठी नकोत, त्यांना वाचून दाखवायला हवेत. खाट दाराकडे तोंड करून ठेवायला लावलीय त्यांनी.

ठिणगी

१९ ऑगस्ट

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘बघते. रजेचं जमतंय का ते.’

आपल्या भाषेत यासारखा सोयीचा शब्द दुसरा नसेल. बघते. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. लग्नाला बोलावणाऱ्याला, उसने मागणाऱ्याला, वर्गणीवाल्याला, सगळ्यांना पुरतो. आता बापालाही पुरला. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं. ‘बघते’ ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, जणू तू उद्याच्या गाडीचं तिकीट पाठवलं असावंस. त्या दिवसापासून मागची लहान खोली झाडून ठेव म्हणून माझ्या मागे लागलेत. तुझी खोली. जिच्यात मी इतकी वर्षं झोपते, ती.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला काही लागत नाही. ते खोटं होतं. लागतं.

मला नोकरी लागलीय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, निदेशक म्हणून, वीजतंत्रीच्या वर्गावर. गाव दूर आहे, आगगाडीने रात्रभराचं. परीक्षा मी बाबांना न सांगता दिली होती आणि मुलाखतीला जाताना मावशीला बरं नाही असं सांगून गेले. आपल्याला मावशीच नाही हे त्यांच्याही लक्षात आलं नाही, एवढं ते माझं ऐकतात.

मुलाखतीत त्यांनी पाठ घ्यायला सांगितला. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स, पहिल्याच आठवड्यातल्या मुलांना समजेल असं. मी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि खडू मोडला. मग घाबरून बाबांसारखंच बोलायला लागले. माडीवर टाकी आहे, ती जितकी उंच तितका पाण्याला दाब, ते व्होल्टेज. नळातून वाहतं ते करंट. नळी जितकी चिंचोळी तितका अडथळा, तो रेझिस्टन्स. दाब वाढवा, प्रवाह वाढेल. अडथळा वाढवा, प्रवाह घटेल. मधले एक सर म्हणाले, ‘हे कुठे शिकलात?’ मी म्हटलं, ‘घरी.’ तेव्हा मला एकदम रडू यायला लागलं आणि मी फळा पुसत बसले. त्यांनी पाणी दिलं. भली माणसं आहेत.

एक ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. राहायला संस्थेच्या आवारात दोन खोल्या मिळतात, तळमजल्याच्या. बाबांची चाकाची खुर्ची सरळ आत जाईल. मी त्यांना घेऊन जाणार आहे, टाकून नाही. मी तुला त्यांना सांभाळायला सांगत नाहीये, हे नीट वाच.

पण ते इथून हलायला तयार नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, ‘ताई... येईल. कुलूप... दिसेल.’

ठिणगी

७ सप्टेंबर

ताई,

पंधरवडा झाला, उत्तर नाही. रजेचं बघतेच आहेस वाटतं.

मला तो डेकोरेशनवाला परवा रस्त्यात भेटला. आता पार म्हातारा झालाय. त्याने तुझी चौकशी केली. ‘थोरली खमकी होती,’ म्हणाला. होतीस खरी. त्याच्यासमोरच तर तू बोललीस. त्याने दुरुस्तीला टाकलेल्या माळांची थप्पी बाबा परत देत होते, आणि तू त्यातली एक उचलून म्हणालीस, ‘काका, ही नेऊ नका. चाळीसांतले दहा बल्ब काढून बाबांनी तार पिळलीय. जळेल छान, पण आठवडाभर.’

बाबा करायचे तसं, मान्य आहे. सगळेच दुकानदार करतात. माळेत बल्ब एकापुढे एक जोडलेले, एक गेला की सगळी माळ अंधारात. नवा बल्ब घालायचा तर वेळ जातो. मग गेलेला बल्ब काढा, दोन्ही टोकं एकमेकींना पिळा, वर टेप मारा, माळ चालू. एक-दोनदा केलं तर कुणाला कळतही नाही. पण भिंतीतून येणारं व्होल्टेज तेवढंच, आणि अडथळा दहा बल्बांनी कमी. करंट वाढतो. गेलेल्या दहांचा वाटा उरलेल्या तिसांच्या अंगावर येतो. ते आधी लखलखतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मग पटापट जातात. तू खरंच बोललीस. एक अक्षर खोटं नव्हतं.

फक्त ते आत येऊन बोलता आलं असतं. काका गेल्यावर बोलता आलं असतं. बाबा म्हणाले, ‘परक्यासमोर बापाला चोर ठरवलंस.’ तू म्हणालीस, ‘चोर कोण ते माळ सांगेल.’ आई मध्ये पडायला लागली तर दोघंही तिच्यावर ओरडलात, एवढ्या एका बाबतीत तुमचं एकमत झालं. आणि तू बॅग भरलीस. मी शाळेच्या कपड्यांत दारात उभी होते. तू मला म्हणालीस, ‘पोचले की लिहिते.’ अजून पोचली नसशील.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू गेल्यापासून बाबांनी पुन्हा एकही तार पिळली नाही. एकही. गेलेल्या प्रत्येक बल्बच्या जागी मोजून-मापून त्याच जातीचा बल्ब. गिऱ्हाईक ताटकळायचं, शेजारचा दुकानदार हसायचा, आई म्हणायची की आता कुणासाठी करताय हे. ते पुढचा बल्ब उचलायचे. तुझं ऐकलं त्यांनी, पण तुला कळवलं नाही. बापलेक अगदी एका साच्यातले.

आणि घरात? घरात मात्र तुझी तार पिळलीच गेली, ती आईने आणि मी आमच्या हातांनी पिळली. तुझं सोल्डरिंग आईकडे गेलं. तो धूर तिला सोसायचा नाही, तरी ती खोकत खोकत बसायची. तिच्यानंतर तिचंही माझ्याकडे आलं, स्वयंपाक आणि दुकान दोन्ही. ‘धाकटी कशी हसतमुख, कशी उजेड पाडते घरात,’ असं सगळी गल्ली म्हणते. पाडणारच. दुसऱ्यांच्या वाट्याचं अंगावर आलं की कुणीही लखलखतं.

उपमा देतेय असं समजू नकोस. मी माळा दुरुस्त करते, मला दुसरं काही सुचत नाही.

आई गेली तेव्हा तार केली होती. तिचं उत्तर काय आलं होतं ते तुला आठवत असेल. ‘बघते’च होतं, फक्त जरा लांबवलेलं.

संस्थेकडे मी मुदत मागितलीय.

ठिणगी

२२ सप्टेंबर

ताई,

तुला बोलायचंच होतं तर माझ्याशी बोलायचंस. किराणावाल्या काकांच्या मोबाइलवर फोन करून, त्यांना धावत बाबांकडे पाठवून, फोन त्यांच्या कानाला लावून ‘रविवारी येते, वाट बघा’ असं सांगितलंस. मी नळावर होते. परत आले तर बाबा रडत होते आणि काकाही रडत होते. काकांना काय, त्यांना सिनेमातही रडू येतं.

शनिवारी बाबांनी दाढी करून घेतली. रविवारी इस्त्रीचा सदरा. मी तो उजव्या हातात घालताना नेहमी हात दुखतो म्हणून कण्हतात, त्या दिवशी हूं की चूं नाही. सकाळी खाट नको म्हणाले, खुर्ची हवी, आणि खुर्ची उंबऱ्याला टेकवून हवी. जेवायला आत चला म्हटलं तर डाव्या हाताने चौकट धरली. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. मी बोटं सोडवायला गेले नाही. तिथेच ताट नेऊन दिलं. प्रत्येक रिक्षाला मान वळत होती.

संध्याकाळी गल्लीतले दिवे लागले तेव्हा मला म्हणाले, ‘गाडी... उशिरा.’ तुझी बाजू घेत होते, कळलं का? माझ्याकडे.

मी तुला शिव्या द्यायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट झाली, ती लिहिते, म्हणजे मला नक्की कशाचा राग आलाय ते तुला समजेल.

दुकानात कपाटाच्या वर एक माळ टांगलेली आहे, खिळ्याला. तू सातवीत असताना केलेली, तुझी पहिली. बल्ब तू आईच्या नेलपॉलिशमध्ये बुडवून रंगवले होतेस आणि मार खाल्ला होतास. ती माळ तू गेल्याच्या वर्षी बंद पडली, तेव्हापासून तशीच आहे. मी कितीदा तरी म्हटलं, काढून टाकू, धूळ खाते. ‘राहू दे ती.’ बंदच आहे तर निदान दुरुस्त करू. ‘राहू दे ती.’ मला वाटायचं, रागाने ठेवलीय, नजरेसमोर, शिक्षा म्हणून. कुणाची शिक्षा ते मात्र कळत नसे.

त्या संध्याकाळी मी संतापून ती खाली ओढली. प्लग लावला आणि टेस्टर घेऊन एकेका होल्डरला टेकवत गेले. बाबांनी आपल्याला लहानपणी शिकवलं होतं ते आठवतं? आपण दोघी जमिनीवर पालथ्या पडून बघायचो. टेस्टर पेटतोय, पेटतोय, पेटतोय, आणि एका बल्बच्या पलीकडे एकदम विझतो. तिथे तुटलंय. मी विचारलं होतं की बाकीचे बल्ब चांगले आहेत, मग त्यांना थोडं थोडं तरी व्होल्टेज का मिळत नाही. बाबा म्हणाले होते, ‘करंट वाहिला तर वाटणी, ठिणगे. वाहत नाही तेव्हा कुणाच्या वाट्याला काही नाही. सगळंच्या सगळं तुटल्या जागेवर येऊन उभं राहतं.’

एकच बल्ब गेलाय त्या माळेत. तिसरा, हिरवा. बाबा खुर्चीतून बघत होते. मी विचारलं, एकच तर आहे, का नाही बदललात? तर म्हणाले, ‘मिळत... नाही.’ थांबत थांबत सांगितलं सगळं. ते जाड काचेचे, आट्यांचे बल्ब बनायचे बंद झालेत. गावोगाव चौकशी केली. एकदा नव्या जातीचा घालून पाहिला. त्याचा रेझिस्टन्स जास्त, करंट सगळ्यांतून तोच, म्हणून दाबाचा मोठा घास त्याच्याच वाट्याला गेला. क्षणभर पांढराफटक चमकला आणि फुटला. मग ठेवून दिली. तार तर न पिळायची शपथ घेतलेली.

म्हणजे तुझी जागा त्यांनी कधी पिळलीच नव्हती. उघडी ठेवली होती. आणि मी समजत होते की तुझं काम केलं, तुझ्या खोलीत झोपले, आईला खांदा दिला, त्यातलं थोडं तरी माझ्या वाट्याला येत असेल. शून्य, ताई. चांगल्या बल्बांना शून्य. सगळं तुझ्यापाशी उभं होतं, आणि तू रविवारी येते म्हणून आली नाहीस.

मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं. आता पुढचं लिहायला सोपं जाईल. ये, नाहीतर येणार नाही म्हणून लिही. दोन्हींतलं काहीही चालेल. ‘बघते’ मात्र चालणार नाही. त्या शब्दावर आम्ही दोघं अंधारात बसलोय.

संस्थेने पंधरा ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. त्यानंतर दुसऱ्या उमेदवाराला बोलावतील.

ठिणगी

१३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं नाही. पण मी बाबांना सांगितलं की आलं.

परवा सकाळचा चहा झाला होता. मी म्हटलं, ‘बाबा, ताईचं पत्र आलंय.’ त्यांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, ‘चष्मा सापडत नाहीये तुमचा, मीच वाचते.’ चष्मा माझ्या ओच्यात होता. हाताला लागेल तो कागद घेतला, विजेचं बिल होतं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नजर ठेवून वाचायला लागले. ‘तीर्थरूप बाबांना सा. न.’ हे मी तुझ्या वतीने घातलं, तू घातलं नसतंस. ‘मला येणं जमणार नाही. या वेळीही नाही आणि पुढेही नाही. माझी वाट बघू नका. ठिणगी नेईल तिकडे जा.’

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर रडतील. ते म्हणाले, ‘पुन्हा.’ मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा एक-दोन शब्द बदलले असणार, पाठ थोडंच होतं. ते ऐकत होते, डोळे माझ्या हातातल्या कागदावर.

रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी दुकानाकडे हात केला. ‘ती... आण.’

मी तुझी माळ आणली.

‘तार... पीळ.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘बाबा, तुम्ही तर—’

‘पीळ.’

तिसऱ्या होल्डरमधला हिरवा बल्ब मी काढला. तारा कापून सोलल्या. एक टोक त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती पिळली. त्यांच्या डाव्या हाताला सवय नाही म्हणून पीळ वेडावाकडा आलाय. मी टेप मारला, प्लग लावला आणि बटण दाबलं.

लागली. नेलपॉलिशचे रंग पार उडालेत, तरी लागली. लाल होते ते आता चहासारखे दिसतात. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘बाकीच्यांवर... भार.’

‘ठाऊक आहे,’ मी म्हटलं. ‘बाकीचे म्हणजे मी एकटीच उरलेय, बाबा.’

त्यांनी मान हलवली. हो म्हणून. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं मला त्यावर, आणि तेही ज्यांनी म्हणायला हवं होतं त्यांनी.

काल दिवसभर बांधाबांध केली. किराणावाले काका मदतीला आले होते, त्यांनी भांडी कमी बांधली आणि डोळे जास्त पुसले. दुकानातलं सामान शेजारच्या दुकानदाराला दिलं. तो आता हसत नाही. संध्याकाळी मी बाबांना सदरा घालत होते, तेव्हा ते म्हणाले, ‘जायच्या आधी... बिल भर.’

मी म्हटलं, ‘कसलं बिल?’

‘विजेचं. तू... वाचलंस ते.’

माझे हात सदऱ्याच्या बाहीतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहीत हात नीट सरकवून घेतला, तो दुखरा हात, आणि म्हणाले, ‘मुदत... संपेल.’

जन्मभर दर महिन्याला जो कागद घेऊन रांगेत उभे राहिले, तो कागद त्यांना चष्मा नसला म्हणून ओळखू येणार नाही असं मी कसं समजले? दोनदा वाचायला लावलं त्यांनी मला. मला वाटलं, तुझे शब्द पुन्हा ऐकायचेत. ते माझे ऐकत होते.

तू लिहिलं नाहीस. मी खोटं वाचलं. आणि त्यांनी, सगळं कळून, तार पीळ म्हणून सांगितलं. तेवढंच मला मिळालं, ताई, आणि तेवढं मला पुष्कळ आहे. तुझ्या नावाने मी जे बोलले ते खोटं असेल तर ते तू येऊन सांगायला हवं होतंस. आता दाराला कुलूप दिसेल.

बिल आज सकाळी भरलं. गाडी संध्याकाळची आहे. माळ बाबांनी मांडीवर घेतलीय, सामानात टाकू देत नाहीत. नव्या खोलीत ती रोज लावली तर फार दिवस टिकणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. लावायची की नाही ते मी ठरवायचं, असं ते म्हणालेत.

पाकिटाच्या मागे नवा पत्ता लिहिला होता. मग खोडला. नीट खोडलेला नाही.

ठिणगी